उड्डाणाच्या आधी इंजिनाचे तास

कुपवाडच्या एका शेडमध्ये अभियांत्रिकीच्या मुलांनी छोटं टर्बोजेट इंजिन (हवा दाबून, त्यात इंधन जाळून मागे झोत फेकणारं) चालवून दाखवलं, त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला आणि सांगली-मिरजेत वादाला तोंड फुटलं. अशी चार-सहा हलकी इंजिनं एका सांगाड्याला लावून धावपट्टीशिवाय सरळ वर उठणारं प्रायोगिक यंत्र बांधता येईल, असं मुलांचं म्हणणं आहे आणि त्यासाठी त्यांना सरकारी निधी हवा आहे. एक बाजू म्हणते, सांगलीचा माणूस आता उडणार, महापुरात छपरांवर अडकलेल्यांना हेच यंत्र उतरवणार. दुसरी बाजू विचारते, जतमध्ये लोक पाण्याची वाट बघत असताना हा पोरखेळ कशाला? आवाज दोन्हीकडून चढलेत, पण दोघांचाही सगळा जीव एकाच प्रश्नात अडकलाय: हे उडेल की नाही?

माझ्या मते हा प्रश्न आज विचारण्याचाच नाही. सार्वजनिक पैसा द्यावा, पण उडत्या यंत्राला देऊ नये. तो इंजिनाला द्यावा: ते सुरक्षितपणे चालवून, मोजून, फोडून पाहण्याच्या टेस्ट बेडला आणि त्याच्या टर्बाइनचा, म्हणजे तापलेल्या वायूने फिरणाऱ्या चाकाचा, धातू ओतण्याच्या भट्टीला. सरळ वर उठण्याचा प्रयोग करायचा तर तो जमिनीला साखळदंडांनी बांधलेल्या सांगाड्यावर करावा आणि बराच काळ तसाच ठेवावा. हे मत दोन्ही बाजूंना रुचणार नाही, म्हणून दोघांचं खरं काय आहे ते आधी मान्य करतो.

टीकाकारांचा सर्वांत बळकट मुद्दा पैशाचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे. हवेत एका जागी तरंगायचं तर हवा खाली ढकलावी लागते. पुष्कळ हवा सावकाश ढकलली तर काम थोडक्या शक्तीत होतं, थोडी हवा प्रचंड वेगाने फेकली तर शक्ती वाया जाते. शंभर किलो वजन तोलायला हेलिकॉप्टरच्या पंख्यासारखा सेकंदाला १० मीटरचा झोत पुरला, तर हिशेबाने ५ किलोवॉट लागतात. तेच वजन जेटच्या सेकंदाला ५०० मीटर वेगाच्या झोतावर तोललं, तर २५० किलोवॉट. सरळ पन्नासपट. रॉकेलमध्ये किलोमागे सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते आणि चांगल्या लिथियम बॅटरीत पाव किलोवॉट-तास, म्हणजे रॉकेलही जवळपास पन्नासपट सरस. पण ती सगळी सरशी तरंगण्यातच खर्च होते, आणि इंजिनातून उष्णता म्हणून वाया जाणारा वाटा वेगळाच. त्यामुळे 'आता बॅटरीवरचे ड्रोन आलेत, जेटवर उभं राहण्यात काय अर्थ' असं म्हणणारा माणूस बरोबर बोलतो. फ्रँकी झापाटा या फ्रेंच गड्याने ऑगस्ट २०१९ मध्ये छोट्या टर्बोजेट इंजिनांच्या पाटावर उभं राहून इंग्लिश खाडी ओलांडली, पण बावीसेक मिनिटांच्या त्या प्रवासात त्याला मध्येच एका बोटीवर उतरून इंधन घ्यावं लागलं. आधीच्या महिन्यातला त्याचा प्रयत्न तर इंधन घेतानाच पाण्यात पडून फसला होता.

म्हणूनच महापुराचा मुद्दा पुढे करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की तो मागे घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्या गावाला हवी होती चांगली बोट, पुरेशी लाइफ जॅकेटं आणि वेळेवर आलेला इशारा. मिनिटाला लिटर-लिटर रॉकेल पिणारं, पायाखाली काही शे अंशांचा झोत सोडणारं, कानठळ्या बसवणारं यंत्र पत्र्याच्या छपरावर उतरवून म्हातारी माणसं काढायची ही कल्पना ज्याने पूर पाहिलाय तो करणार नाही. गावाच्या दुःखाचा आधार घेऊन निधी मागणं मला मनापासून खटकतं. इंजिनाला त्याची गरजही नाही.

इतिहासही टीकाकारांच्याच बाजूने सुरू होतो. जेटच्या बळावर सरळ उठण्याचं वेड युरोपला पन्नास-साठच्या दशकांत लागलं. रोल्स-रॉईसमध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी एक विचार मांडला: विमानात फक्त उठण्या-उतरण्यापुरती वापरायची, अगदी हलकी, अल्पायुषी इंजिनं वेगळी बसवायची. त्यातून आरबी-१०८ हे इंजिन झालं. स्वतःच्या वजनाच्या आठपट थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, देणारी अशी चार इंजिनं उभी आणि पुढे जायला पाचवं आडवं, असं शॉर्ट एससी-१ हे प्रायोगिक विमान १९६० मध्ये उभ्याने उठून आडवं उडालं. पुढच्या आरबी-१६२ ने हे प्रमाण सोळापटीवर नेलं; त्यात धातूऐवजी काचतंतूंच्या मिश्रणाचे भाग सढळ हाताने वापरले होते. अभियंत्यांनी केलेलं हे काम थक्क करणारं आहे. पण विमानांचं काय झालं? फ्रेंचांच्या बाल्झाक या प्रायोगिक विमानाच्या दोन अपघातांत, १९६४ आणि १९६५ साली, वैमानिक गेले. आठ उभी इंजिनं पोटात घेऊन उडणाऱ्या मिराज ३-व्हीचं एक विमान १९६६ च्या अखेरीस कोसळलं आणि तो मार्गच बंद झाला. एससी-१ च्या अपघातातही १९६३ मध्ये वैमानिक गेला. कारण उघड आहे. उठताना आठ इंजिनं एका सुरात चालायला हवीत. एकदा विमान आडवं झालं की तीच आठ इंजिनं मेलेलं ओझं. शेवटी टिकली ती हॅरियर या लढाऊ विमानाची रीत, एकाच इंजिनाचा झोत चार फिरत्या तोंडांनी वळवण्याची. आपल्या नौदलाने १९८३ पासून २०१६ पर्यंत सी हॅरियर वापरली आणि गोव्याला जाणाऱ्या कित्येकांनी ती डोळ्यांनी पाहिली असतील. हलक्या उभ्या इंजिनांचं विमान मात्र एकही नियमित सेवेत टिकलं नाही, असं पश्चिम युरोपबाबत म्हणता येईल. सोव्हिएत याक-३८ मध्ये अशी दोन इंजिनं होती, पण त्या विमानाचीही फार प्रशंसा कुणी करत नाही.

इथवर टीकाकार जिंकलेच की! मग मी निधी द्या का म्हणतो?

कारण याच इतिहासाची दुसरी बाजू कुणी वाचत नाही. विमानं मेली तेव्हा इंजिनं मेली नाहीत. आरबी-१६२ पुढे ट्रायडेंट ३बी या प्रवासी विमानाच्या शेपटीत बसलं आणि उड्डाणाच्या वेळी जादा जोर देत राहिलं. अमेरिकेत बेल कंपनीने १९६९ मध्ये माणसाच्या पाठीवर बांधायचा जेट-पट्टा उडवला. तो कुणी विकत घेतला नाही. पण त्यासाठी सॅम विल्यम्स यांच्या कंपनीने केलेलं डब्ल्यूआर-१९ हे तीसेक किलो वजनाचं छोटं टर्बोफॅन पुढे वाढत एफ-१०७ झालं आणि टॉमाहॉक क्षेपणास्त्रात गेलं. जीई कंपनीचं जे-८५ हे इंजिन तर शत्रूच्या रडारला चकवणाऱ्या बिनमाणशी यंत्रासाठी जन्मलं. ते सरळ उठणाऱ्या प्रायोगिक विमानांत वापरून झालं, आणि त्याच कुळातल्या इंजिनांवर प्रशिक्षण विमानं, हलकी लढाऊ विमानं आणि सुरुवातीची लिअरजेट ही छोटी खासगी विमानं उडाली. विमान हा इंजिनाचा एक उपयोग असतो, फार तर पहिला. इंजिन चांगलं झालं तर दुसरा आपोआप सापडतो. विमान सुंदर आणि इंजिन नाही, अशी गत झाली तर काय होतं?

ते आपल्याला परक्या देशाकडून शिकण्याची गरज नाही. जर्मन विमान-अभियंते कुर्ट टँक बंगळूरला आले आणि त्यांनी एचएफ-२४ मारुत हे देखणं लढाऊ विमान आखलं. ते १७ जून १९६१ रोजी उडालं. त्याची आखणी ज्या जास्त ताकदीच्या ऑर्फियस इंजिनासाठी केली होती, ते इंग्रजांनी पुढे नेलं नाही आणि ते पुरं करून घेण्याचा खर्च उचलायला आपण तयार झालो नाही. मारुत मग कायम कमी ताकदीच्या ऑर्फियसवर उडालं. १९७१ च्या युद्धात त्याच्या वैमानिकांनी राजस्थानच्या आघाडीवर कर्तबगारी गाजवली, पण ज्या वेगासाठी ते जन्मलं तो वेग त्याला कधी मिळाला नाही. तीन दशकांनी हेच पुन्हा झालं. कावेरी या देशी जेट इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला, २००८ मध्ये तो तेजस या लढाऊ विमानापासून वेगळा केला गेला, आणि तेजस आजही अमेरिकन इंजिनावर उडतं. कावेरीवर टीका करणारे पुष्कळ आहेत. तिच्या उंचीवरच्या आणि उडत्या चाचण्यांसाठी इंजिन रशियाला न्यावं लागलं, याकडे मात्र फार कमी लोक बोट दाखवतात. २०१० मध्ये ते रशियात एका इल्युशिन विमानाच्या पंखाखाली बांधून उडवलं गेलं. इंजिनाची चाचणी घ्यायची जागाच घरात नसेल, तर प्रत्येक चुकीचं उत्तर मिळायला वर्षं जातात. याउलट उदाहरणही घरातलंच आहे. लक्ष्य या बिनमाणशी विमानासाठी एचएएल या सरकारी विमान कंपनीने पीटीएई-७ हे सुमारे ३८० किलो थ्रस्टचं छोटं टर्बोजेट केलं, ते उडालं आणि वापरात राहिलं. गाजावाजा कावेरीच्या अपयशाचा झाला. या छोट्या यशाचं नाव महाराष्ट्रातल्या किती इंजिनिअरांना ठाऊक आहे?

आता कुपवाडकडे येऊ. मी ती शेड पाहिली आहे. इंजिनाचा हवा दाबणारा कॉम्प्रेसर म्हणजे ट्रकच्या टर्बोचार्जरमधलं चाक, हौशी लोक जगभर हेच करतात. जर्मनीतल्या कुर्ट श्रेकलिंग यांनी तर सुरुवातीच्या घरगुती इंजिनात प्लायवूडचं चाक फिरवलं होतं. मुलांनी ते चाक शाफ्टवर चढवून बॅलन्सिंगच्या मशिनवर ठेवलं. पंपांचे इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारी चाकं, बॅलन्स करण्यात हयात गेलेले एक मिस्त्री शेजारी उभे होते. त्यांनी मार्करचा एक ठिपका दिला, चाकाच्या मागच्या कडेवरून नखभर धातू घासला, पुन्हा फिरवलं, पुन्हा घासला. म्हणाले, "पोरांनो, हे पंपाचं इंपेलर न्हवं. ह्यात एवढंसं राहिलं तरी बेरिंग खाऊन टाकतंय बघा." त्यांच्या बोलण्याला हिशेबाचा आधार आहे. मध्यापासून २५ मिलिमीटरवर ग्रॅमचा दहावा भाग जादा राहिला आणि चाक मिनिटाला एक लाख फेऱ्यांनी फिरलं, तर तो कण सुमारे २८ किलोच्या जोराने बाहेर खेचतो, आणि तो खेच प्रत्येक फेरीत दिशा बदलतो. त्या मिस्त्रींच्या बोटांत जे आहे ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. मुलांकडे जे गणित आहे ते मिस्त्रींकडे नाही. एका इंजिनापायी ते दोघं एका टेबलाशी आले, हे मला त्या व्हिडिओतल्या ज्वाळेपेक्षा मोलाचं वाटतं.

पण तिथेच भिंतही दिसते. टर्बाइनचं चाक मुलांनी बाहेरून मागवलं होतं. का? सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात फाउंड्र्यांची वाण नाही, करडं बीड, एसजी आयर्न अशी लोखंडं ओतण्यात आपली माणसं कुणाला हार जाणार नाहीत. टर्बाइनला मात्र निकेलचे मिश्रधातू लागतात. लाल होईपर्यंत तापूनही ताकद न सोडण्याचा गुण त्यांच्यात येतो तो बराचसा ॲल्युमिनियम आणि टायटॅनियममुळे, आणि उघड्या हवेत वितळवलं तर हेच दोन्ही ऑक्सिजनशी जुळून निघून जातात किंवा आत कचरा होऊन बसतात. म्हणून भट्टी निर्वात लागते, ओतकाम मेणाच्या साच्यावरच्या सिरॅमिक कवचात करावं लागतं आणि प्रत्येक जॉबचा एक्स-रे काढावा लागतो. ब्लोहोल, म्हणजे आत हवेची पोकळी, असलेलं पंपाचं बॉडी कास्टिंग पाणी गळतं, तेवढंच. ब्लोहोल असलेलं टर्बाइन फुटतं आणि तुकडे गोळीसारखे सुटतात. अशी एक छोटी निर्वात भट्टी, प्रशिक्षित माणसांसह, या पट्ट्यात आली तर तिच्यावर फक्त जेट इंजिनाचंच काम होईल का? टर्बोचार्जरची चाकं होतील, रसायन कारखान्यांचे व्हॉल्व्ह होतील. मिरजेच्या रुग्णालयांत गुडघे आणि खुबे बदलले जातात. त्या सांध्यांचे कोबाल्ट-क्रोमचे भाग मेणाच्या साच्याच्या याच पद्धतीने ओतले जातात. टर्बोजेटने आपल्याला या भट्टीच्या दारापर्यंत आणून सोडलंय. आत जायचं की 'उडेल का' म्हणत बाहेर भांडत बसायचं?

सार्वजनिक पैशाने वस्तूऐवजी विद्या उभी करण्याची वाट महाराष्ट्राने एकदा यशस्वीपणे चालून दाखवली आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. तो नफ्याची खाण कधीच नव्हता. पण तिथे शिकलेले कारागीर देशभर काचेच्या भट्ट्या लावायला गेले. त्या काळीही कुणीतरी म्हणालंच असेल की परदेशी काच स्वस्त मिळते, मग ही उठाठेव कशाला? कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ पासून काचकाम सुरू झालं आणि प्रभाकर कंदील घरोघर पोचला, तो याच स्वदेशीच्या वाऱ्यात. किर्लोस्करवाडीचं उदाहरण तर या वादात दोन्ही बाजू देतात, पण अर्धंच. लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकरी म्हणत होते आणि पहिले नांगर खपायला लक्ष्मणरावांना दोनेक वर्षं लागली, एवढंच सांगितलं जातं. त्याआधी त्यांनी सायकली दुरुस्त केल्या आणि कडबा कापायची यंत्रं केली, म्हणजे ज्याला गिऱ्हाईक होतं त्या कामावर हात बसवला, हे सांगितलं जात नाही. उड्या मारायला निघालेल्या मुलांनी हा भाग लक्षात घ्यावा आणि त्यांची टिंगल करणाऱ्यांनी नांगराचा.

पैशाच्या आक्षेपाचं काय? जत, आटपाडी, माण, खटाव यांचं पाणी आधी, यात मला शंका नाही. पाण्याच्या लेखाशीर्षातला एक रुपयाही इकडे वळवला तर मी त्या विरोधात उभा राहीन. पण उद्योग, कौशल्य आणि शिक्षण यांसाठी वेगळा पैसा दरवर्षी असतोच आणि त्यातून काय उभं राहतं ते आपण पाहतो: उद्घाटनानंतर कुलूप लागलेल्या प्रयोगशाळा. म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांचं पाणी दुष्काळी गावांत चढतं ते पंपांवरच. इंपेलरचं ओतकाम, बॅलन्सिंग, बेरिंगचं आयुष्य ही तीच विद्या आहे, फक्त जेटमध्ये ती अनेक पटींनी कडक कसोटीला लागते. आणि बचत म्हटलं की मला ब्रिटिश अभियंता फ्रँक व्हिटलचं पेटंट आठवतं. जेट इंजिनाचं ते पेटंट १९३५ मध्ये रद्द झालं, कारण नूतनीकरणाचे ५ पौंड त्याच्याजवळ नव्हते आणि ब्रिटिश हवाई मंत्रालयाने ते भरायला नकार दिला. त्याची कल्पना सुरुवातीला तपासून तिच्यावर थंड पाणी ओतणाऱ्यांत हेच ग्रिफिथ होते, ज्यांनी पुढे उभी इंजिनं आणली. विद्वानांचाही अंदाज चुकतो, तर व्हिडिओवरून निकाल देणाऱ्यांनी जरा थांबावं. व्हिटलने मात्र विमानाची घाई केली नाही. त्याचं इंजिन एप्रिल १९३७ मध्ये पहिल्यांदा चाललं आणि विमानात बसून उडालं ते मे १९४१ मध्ये. मधली चार वर्षं ते टेस्ट बेडवर चाललं, बिघडलं, फुटलं, पुन्हा बांधलं गेलं.

'परदेशात तयार मिळतं, विकत घ्या' हा आक्षेपही वजनदार आहे. मॉडेल विमानांची जर्मन जेट इंजिनं सुबक असतात आणि एकदा वापरायची तर घ्यावीतच. पण अशा इंजिनांना पंचवीस-पन्नास तासांनी देखभालीसाठी परत पाठवावं लागतं. उघडण्याची विद्या त्यांच्याकडेच राहते आणि आपल्याकडे बिल येतं. शिवाय एका पातळीपुढची इंजिनं कुणी विकत नाही, कारण छोटं जेट इंजिन क्षेपणास्त्रात जाऊ शकतं. डब्ल्यूआर-१९ चा प्रवास वर सांगितलाच, आणि तो मला सुखाचा वाटत नाही. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटात भारत २०१६ पासून आहे. म्हणूनच हे काम कुणाच्या खासगी शेडमध्ये, कागदपत्रांविना वाढू नये. ते सरकारी किंवा विद्यापीठीय छताखाली, नोंदवहीसह, उघडपणे व्हावं. सांगलीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे त्या वालचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना काढला होता. या जिल्ह्याला विमानाच्या कामाचं नातं नवं नाही.

राहिला धोका, आणि याच जागी मी मुलांशी सर्वांत कडक आहे. रोल्स-रॉईसने सरळ उठण्याचा अभ्यास केला तो विमानावर नव्हे. चार पायांच्या उघड्या सांगाड्यात दोन नेन इंजिनं बसवून केला, आणि लोक त्याला उडता पलंग म्हणू लागले. तो आधी बांधलेला होता. ऑगस्ट १९५४ मध्ये मोकळा उठला. एवढी काळजी घेऊनही अशाच दुसऱ्या सांगाड्यावर १९५७ मध्ये एक वैमानिक मेला. एवढी मोठी कंपनी, एवढे अनुभवी लोक, आणि तरी! मग वीस-बावीस वर्षांचं पोर, हेल्मेट घालून, गावाबाहेरच्या माळावर? परवानगी देणाऱ्या यंत्रणेच्या संथपणाचा राग मला समजतो. अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि नोंदणीसाठी त्यांना वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. तो संथपणा दूर व्हायला हवा, पण त्याचं उत्तर परवानगीविना उडणं हे नाही.

म्हणून निधी मागणाऱ्यांनी अर्ज नव्याने लिहावा. त्यात सिमेंटच्या जाड भिंतींची, आग विझवण्याच्या सोयीची, थ्रस्ट आणि तापमान मोजणारी खोली मागावी, जी सातारा-सांगलीतल्या सगळ्या महाविद्यालयांना आणि कारखान्यांना उघडी असेल. निर्वात भट्टी मागावी आणि ती चालवणाऱ्या चार माणसांचा पगार मागावा, कारण माणसांविना भट्टीला कुलूपच लागतं. एक चाक मुद्दाम फुटेपर्यंत फिरवून केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तुकडे अडवतं का, ते सर्वांसमोर दाखवावं. मग इंजिन एका दमात तासभर चालावं, मग दहा तास, मग न उघडता शंभर तास, आणि दर वेळचे आकडे, बिघाडांसह, मराठीत छापले जावेत. एवढं होईपर्यंत सांगाड्याचे साखळदंड सोडण्याची परवानगी कुणी मागू नये आणि कुणी देऊ नये.